कोंकणची माती आणि गुरांची वैरण

कोंकणांत पाऊस उदंड पडतो. श्रावणांत डोंगराच्या उतारावर गवत कमरेइतकें वाढतें, बांधाबांधावर हिरवळ दाटते, आणि परप्रांतांतून आलेल्या प्रवाशास वाटतें कीं, या देशांत गुरांना चाऱ्याची ददात ती कसली असणार! तोच प्रवासी चैत्र-वैशाखांत पुन्हां आला तर त्याच्या दृष्टीस अगदीं निराळें दृश्य पडतें. डोंगर उघडे, कांहीं ठिकाणीं वणव्यानें काळे पडलेले. गाईंच्या बरगड्या मोजून घ्याव्या अशा वर आलेल्या. आणि भाताच्या पेंढ्याची शेवटची गंजी संपत आलेली. घाटावर चाऱ्याची टंचाई पडली म्हणजे पाऊस पडला नाहीं असें कारण सांगतां येतें. कोंकणांतील गुरांच्या या वार्षिक उपासमारीस तें कारण लागू पडत नाहीं. येथें पाऊस आहे, ऊब आहे, सूर्यप्रकाश आहे. तरी वैरण पुरत नाहीं, आणि जी असते तींत कस नसतो. हा विरोध कसा उत्पन्न होतो हें समजून घेण्यास मातीपासून आरंभ केला पाहिजे.

कोंकणपट्टींत वर्षाकाठीं सामान्यतः २५०० ते ३५०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें १०० ते १४० इंच पाऊस पडतो. आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एवढें पाणी मातींतून झिरपतांना विरघळण्याजोगें जें जें असेल तें तें आपल्याबरोबर खालीं घेऊन जातें. चुना, मॅग्नेशिया, पालाश हीं पोषक द्रव्यें हजारों वर्षें अशीं धुतलीं गेलीं. सिलिकाहि बरीचशी गेली. मागें राहिलीं तीं मुख्यतः लोखंड व ॲल्युमिनियम यांचीं ऑक्साइडें. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या भागांतील मातीचा तांबडा रंग हा त्या लोखंडाचा रंग होय, आणि ज्याचे चिरे काढून घरें बांधतात तो जांभा दगड हें त्याच क्रियेचें फळ होय. हा दगड खाणींत असतां मऊ असतो, हत्यारानें सहज कापला जातो, आणि उघड्या हवेंत कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन यानें तो मलबारांत पाहिला व १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यास, लॅटिन भाषेंतील विटेच्या नांवावरून, लॅटराइट असें नांव दिलें. उत्तरेकडे ठाणें, पालघर, रायगड या जिल्ह्यांत काळ्या पाषाणापासून झालेली माती बऱ्याच ठिकाणीं आहे व ती कांहींशी अधिक सकस आहे. परंतु धुपीचा नियम तेथेंहि चुकत नाहीं.

अशी धुतलेली माती आम्लधर्मी बनते. तींतील लोखंड व ॲल्युमिनियम स्फुरदास असें कांहीं जखडून ठेवतात कीं, तो मातींत असूनहि पिकाच्या मुळांना मिळत नाहीं. तिसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची आहे. घाटावरच्या काळ्या जमिनींतील चिकणमाती पोषक क्षारांना आपल्या अंगाशीं धरून ठेवते. जांभ्याच्या मातींतील चिकणमाती या कामीं दुबळी असते. हें काम येथें मुख्यतः कुजलेल्या पाल्यापाचोळ्यास व शेणास करावें लागतें, आणि उष्ण, दमट हवेंत तीं द्रव्येंहि लवकर झिजून जातात. तात्पर्य, काळ्या जमिनीची संपत्ति जशी मातींत पुरून ठेवलेली असते तशी कोंकणची नसते. कोंकणची संपत्ति झाडांत, गवतांत, जनावरांत व शेणांत फिरती असते, आणि जेथें ती उघडी पडून राहते तेथें पाऊस तिचा ताबा घेतो. शेत व गोठा यांचे हिशेब घाटावर एकवेळ वेगळे ठेवले तरी चालतील. कोंकणांत ते एकाच वहींत मांडावे लागतात.

या वहींतील सर्वांत जुनें खर्चाचें कलम म्हणजे राब. भाताचें रोप ज्या तुकड्यांत वाढवावयाचें, त्यावर उन्हाळ्यांत शेणाचा थर देऊन, वर ऐन, किंजळ इत्यादि झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचे कवळ पसरावयाचे, त्यांवर वाळलेलें गवत व शेवटीं मातीचा पातळ थर टाकून तें सर्व जाळावयाचें, ही पद्धति पिढ्यानुपिढ्या चालत आली. सरकारनें जंगलें राखून ठेवण्यास आरंभ केल्यावर राबासाठीं फांद्या तोडण्याच्या हक्कावरून ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत मोठा असंतोष माजला. १८८५ सालीं मुंबई सरकारास त्याच्या चौकशीसाठीं एक मंडळ नेमावें लागलें, व १८८७ सालीं त्याचा अहवाल बाहेर पडला. राबाशिवाय भात होत नाहीं असें रयतेचें म्हणणें, आणि राबानें जंगल उजाड होतें असें जंगलखात्याचें म्हणणें. पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनीं या प्रश्नाचा शास्त्रीय रीतीनें अभ्यास करून १९१२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. राबाचा गुण केवळ राखेंत नसून मातीला बसणाऱ्या आंचेंतहि आहे असें त्यांस आढळून आलें. म्हणजे शेतकऱ्याचा अनुभव खोटा नव्हता. राबाच्या जमिनीवर तण मरतें, माती भुसभुशीत होते, रोप जोमानें वाढतें. राबास अडाणीपणा म्हणून हिणविणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

पण जमाखर्च पाहतां राब महाग पडतो, हेंहि तितकेंच खरें. डोंगराच्या अनेक गुंठ्यांची वर्षाची कमाई रोपाच्या एका गुंठ्यावर आणून जाळावी लागते. शेणांतील व पाल्यांतील नत्र धुरावाटे निघून जातें. राखेंतील पालाशाचा बराच भाग पहिल्या सरींबरोबर वाहून जातो. गुरांचें जें शेण शेतांत पडावयाचें तें जळतें, गोठ्यांत ज्याचें अंथरूण व्हावयाचें तो पाला जळतो, आणि अडचणीच्या दिवसांत जें गुरांच्या तोंडीं पडलें असतें तें गवतहि जळतें. गादीवाफा करून त्यांत चांगलें कुजलेलें शेणखत व बेतानें नत्रयुक्त खत दिलें तर न भाजतां उत्तम रोप होतें, हें आतां पुष्कळ शेतकऱ्यांनीं करून पाहिलें आहे. तण मात्र अधिक येतें व तें हातानें काढावें लागतें. ज्या घरांतील तरुण माणसें मुंबईस राहतात, त्या घरांत या एका कारणासाठींच भाजणें अद्याप चालू आहे.

मातींत जें उणें तें गवतांत उणें, आणि गवतांत जें उणें तें गाईच्या अंगांत उणें, ही साखळी डोळ्यांना दिसत नाहीं. पण गाय ती दाखवून देते. दावणीची गाय लाकूड चाटूं लागली, चिंध्या चघळूं लागली, किंवा रानांत पडलेलें हाड तोंडांत धरून तासन् तास उभी राहिली, म्हणजे तिला खोड लागली असें समजून लोक तिला मारतात. पुष्कळदां ती खोड नसून स्फुरदाची भूक असते. दक्षिण आफ्रिकेंत सर आर्नल्ड थाइलर यांनीं या शतकापूर्वींच्या शतकांत, १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत, हीच गोष्ट प्रयोगानें सिद्ध केली. तेथील कुरणांतील मातींत स्फुरद कमी. त्यामुळें गुरें सांपडतील तीं हाडें चघळीत, व कुजलेल्या हाडांतील विष पोटांत जाऊन मरत. गुरांना हाडांचें शुद्ध केलेलें पीठ चारतांच त्यांची ती वखवख थांबली व मरणेंहि थांबलीं. आज पशुवैद्याच्या सल्ल्यानें क्षारमिश्रण देणें हा सोपा उपाय आहे. तथापि मूळ उणीव जमिनींत असल्यामुळें चाऱ्याच्या तुकड्यास स्फुरद देणें हा अधिक दूरवरचा उपाय होय. आम्लधर्मी जमिनींत खनिज फॉस्फेटासारखें स्वस्त खतहि हळूहळू विरघळून उपयोगी पडतें. घाटावरच्या चुनखडीच्या जमिनींत तें बहुतेक निरुपयोगी ठरतें.

आतां डोंगरांतील गवताकडे वळूं. गवत फुलोऱ्यावर येतें तेव्हां त्याच्या कोरड्या वजनांत प्रथिनांचें प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास असतें. बीं पडून गवत जागच्या जागीं पिवळें झालें कीं तें दोन-तीन टक्क्यांवर येतें. गाईच्या पोटांतील ज्या सूक्ष्म जंतूंच्या साह्यानें गवत पचतें, त्यांना स्वतःच्या वाढीसाठींहि नत्र लागतें. प्रथिनें सात टक्क्यांच्या फार खालीं गेलीं म्हणजे जंतूंचीच उपासमार होते, चारा पोटांत पडून राहतो, आणि पुढ्यांत गवत असूनहि गाय तें खात नाहीं. वैशाखांतल्या गाईचें पोट फुगलेलें व अंग वाळलेलें दिसतें याचें कारण हेंच. मग गवत फुलोऱ्यांत कां कापीत नाहींत? पुस्तकी पंडित याचें उत्तर आळस असें देतात. वस्तुतः गवताचा फुलोरा सप्टेंबर-ऑक्टोबरांत येतो. त्या वेळीं परतीच्या पावसाचा नेम नसतो, कापलेलें गवत वाळण्याऐवजीं कुजतें. आणि नेमकी त्याच दिवसांत भाताची कापणी येते. घरांत हात चार, आणि भात व गवत दोन्ही एकदम तयार. शेतकरी आधीं भात कापतो, आणि गवताची पाळी येईपर्यंत दिवाळी उलटून जाते. यांत आळस कोठें आला?

यांतून वाट निघते ती सगळें गवत न कापतां थोडें वेळेवर कापण्याची. दोनचारशें किलोच जरी फुलोऱ्यांत कापून, उघडीप पाहून तिवईवर अगर कुंपणावर वाळविलें, आणि गाभण व दुभत्या गाईसाठीं वेगळें ठेवलें, तरी उन्हाळ्याचा कठीण काळ पुष्कळ हलका होतो. कोंकणी गाय लहान अंगाची. तिला रोजचा कोरडा चारा पांच-सहा किलो पुरतो. फाल्गुनापासून मृगापर्यंतचे शंभर दिवस धरले तर एका गाईस पांच-सहाशें किलो चारा झाला. त्यांतील तिसरा हिस्सा चांगला असला तर उरलेला निकृष्ट पेंढाहि पचतो. पावसाची उघडीप मुळींच मिळत नसेल तर हिरवा चारा बारीक कापून, थोडा सुकवून, पिंपांत अथवा जाड पिशवींत हवा राहणार नाहीं असा दाबून मुरघास करतां येतो. सुमारें पंचेचाळीस दिवसांत तो तयार होतो. मात्र दाबण्यांत कसूर झाली तर बुरशी धरते, आणि बुरशी आलेला मुरघास गुरांस घालूं नये.

वणव्याविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. माळ जाळला म्हणजे पुढील गवत चांगलें येतें असा समज आहे, व त्याला थोडा आधारहि आहे. राखेमुळें व जुनें पात नाहींसें झाल्यामुळें नवे कोंब लुसलुशीत व हिरवे दिसतात. परंतु जळलेल्या उतारावर पहिला वळीव पडतो तेव्हां माती झांकण्यास कांहींच उरलेलें नसतें. थेंबांच्या माऱ्यानें मातीचा वरचा, म्हणजे सेंद्रिय अंशाचा, थर सुटून ओढ्यास मिळतो. काजूच्या व आंब्याच्या कलमांचें होणारें नुकसान लोक मोजतात; हें दुसरें नुकसान कोणी मोजीत नाहीं.

भाताच्या पेंढ्यांत प्रथिनें तीन-चार टक्केच, व त्यांतीलहि फारच थोडीं पचतात. शिवाय त्यांत सिलिका पुष्कळ, आणि ऑक्झॅलिक आम्ल असल्यानें तें शरीरांतील चुन्याची हानि करतें. त्यावर युरियाची प्रक्रिया हा कसोटीस उतरलेला उपाय आहे. १०० किलो पेंढ्यास ४ किलो युरिया सुमारें ६५ लिटर पाण्यांत विरघळवून थराथरानें शिंपडावा, ढीग घट्ट तुडवून वरून झांकावा, आणि एकवीस दिवसांनीं उघडावा. उघडल्यावर उग्र वास उडून जाईपर्यंत पेंढा पसरून ठेवून मग थोड्या थोड्या प्रमाणानें संवय करावी. युरियाचें पाणी गुरांच्या तोंडीं लागूं देऊं नये. तें प्राणघातक आहे. लहान वासरांना हा पेंढा घालूं नये.

अलीकडे हिरव्या चाऱ्यासाठीं संकरित नेपियर गवताचा बोलबाला आहे. मूळचें हें हत्ती-गवत आफ्रिकेंतलें. ऱ्होडेशियांतील, म्हणजे आजच्या झिंबाब्वेंतील, बुलावायो येथील कर्नल नेपियर नांवाच्या गृहस्थानें त्याचा गुरांसाठीं उपयोग करून पाहण्याचा आग्रह धरला, म्हणून त्याचें नांव त्यास पडलें. पुढें बाजरीशीं त्याचा संकर करून अधिक पानाळ व मऊ जाती निघाल्या. पावसाच्या आरंभीं दोन डोळ्यांचीं कांडीं अथवा ठोंब तीन फूट बाय दोन फूट अंतरावर लावावे. दोन-सव्वादोन महिन्यांनीं पहिली कापणी व नंतर दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनीं पुढील कापण्या मिळतात. उन्हाळ्यांत पाणी मात्र लागतें. ज्याच्या घराजवळ विहीर आहे, किंवा मोरीचें व गोठ्याचें सांडपाणी एका तुकड्यास वळवितां येतें, त्यानें दोन-चार गुंठे लावावे.

येथें एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका हेक्टरांतून वर्षांत १०० टन हिरवें नेपियर निघालें असें धरावें. त्यांत कोरडा भाग पांचवा हिस्सा, म्हणजे २० टन. त्यांत प्रथिनें आठ टक्के धरलीं तर १६०० किलो. आणि प्रथिनांत नत्र सुमारें सव्वासहांत एक भाग, म्हणजे २५० किलोंच्या थोडें वर. इतकें नत्र दर वर्षीं त्या जमिनींतून उचललें जातें. पालाश तर याहूनहि अधिक. धुतलेली कोंकणी माती हा खर्च किती वर्षें सोसणार? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं ठोंब बारीक पडूं लागले म्हणजे शेतकरी बियाण्यास दोष देतो. दोष बियाण्याचा नसतो.

मग हें नत्र जातें कोठें? गाईच्या पोटांत गेलेल्या नत्राचा जेमतेम चौथा भाग दुधांत व शरीरांत राहतो. उरलेला शेण व मूत्र यांवाटे बाहेर पडतो, आणि त्यांतहि अर्ध्याच्या आसपास, कधीं अधिकच, वांटा मूत्राचा असतो. पालाश तर बहुतेक मूत्रांतच उतरतो. आपल्याकडे शेण प्रत्येक जण उचलतो. मूत्र मात्र गोठ्याच्या जमिनींत मुरूं देतात. म्हणजे नेपियरनें मातींतून जें काढलें त्याचा मोठा भाग गोठ्याच्या उंबरठ्याच्या आंतच हरवतो. गोठ्याच्या तळास किंचित् उतार देऊन मोरी एका टांकींत सोडावी, व गुरांखालीं वाळलेला पाला, भाताचा तूस अथवा गुरांनीं टाकलेला पेंढा रोज पसरून सकाळीं शेणाबरोबर उचलावा. जो पाला राबांत जळत होता त्याला येथें काम मिळतें.

बांधाला गिरिपुष्प लावण्याची चाल आतां कोंकणांत बरीच रुळली आहे. मध्य अमेरिकेंतून आलेलें हें झाड फांदी रोवून लागतें, हवेंतील नत्र मुळांच्या गांठींत सांठवितें, आणि भाताच्या चिखलणींत त्याचा पाला गाडला तर खताचें काम करतें. चारा म्हणूनहि तो सकस आहे; पण वासामुळें गुरें प्रथम तोंड लावीत नाहींत. पाला एक दिवस सुकवून, गवतांत मिसळून, थोडा थोडा दिला तर संवय होते. मात्र तो एकूण चाऱ्याच्या चौथाईहून अधिक नसावा. आम्लधर्मी उतारावर स्टायलो हें द्विदल गवत चांगलें तग धरतें. नारळीपोफळींच्या विरळ सावलींत गिनी गवत येतें. पाणथळ जागेंत पॅरा गवत. सुबाभळीस ही आम्लधर्मी माती मानवत नाहीं. भात निघाल्यावर ओलीवर घेतलेल्या वाल, कुळीथ व चवळी यांचा भुसा पेंढ्यापेक्षां कितीतरी सकस असतो. पण कापणीनंतर गुरें उनाड सोडण्याची गांवोगांवची चाल या दुसऱ्या पिकास जगूं देत नाहीं. हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याच्या हातांतला नसून सबंध गांवानें बसून सोडविण्याचा आहे. जेथें तो सुटत नाहीं तेथें लोक गुरेंच विकून मोकळे होतात, आणि मग आंब्याच्या बागेसाठीं खत विकत आणतात.

शेवटीं खताचा खड्डा. आषाढांत गांवच्या पाणंदींतून चालणाऱ्यास उघड्या उकिरड्याखालून वाहणारा तपकिरी ओघळ हमखास दिसतो. वर्षभर जमविलेल्या शेणांतील विद्राव्य नत्र व पालाश त्या ओघळांतून ओढ्याकडे चाललेले असतात, आणि दसऱ्यानंतर शेतांत जें खत पडतें तो बव्हंशी चोथा असतो. खड्ड्यावर छप्पर घालणें एवढाच याला उपाय आहे, व त्यास पत्रेच पाहिजेत असें नाहीं. चार मेढी, बांबूंचा सांगाडा व नारळाच्या विणलेल्या झांपांचे दोन थर मृगापूर्वीं चढविले तर एक पावसाळा निघतो. खड्डा उंचवट्यावर असावा, आणि त्याच्या वरच्या अंगास वीतभर उंचीचा मातीचा बांध घालून बाजूनें चर काढावा, म्हणजे पागोळ्यांचें व अंगणाचें पाणी आंत शिरत नाहीं.